चालेल म्हणणाऱ्या अक्का

जावेने जावेचं कौतुक करू नये अशी आपल्याकडे रीत आहे, आणि ती मी मोडणार नाही. आमच्या त्रिवेणीअक्कांबद्दल मी सांगणार आहे ते निम्मं रागानेच सांगणार आहे. उरलेल्या निम्म्याला काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही.

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. हैदराबादेत अंबरपेठेत आमची दोन बिऱ्हाडं एकाच जिन्यावर आहेत, त्या वर आणि मी खाली. भाजीवाल्याने जून मेथी गळ्यात मारली तरी त्या म्हणणार, चालेल. माझ्या थोरल्या दिरांनी ऐन जेवणाच्या वेळी पाहुणे आणून उभे केले तरी चालेल. माझं तसं नाही. माझं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यामुळे सासरी त्या सोनं आणि मी पितळ, हे पहिल्याच वर्षी ठरून गेलं. मी त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. पितळेची भांडी रोज वापरात असतात.

नोकरीत मात्र हा स्वभाव त्यांच्या कामी आला. समाजकार्यात एम.ए. करून त्या एका मोठ्या हॉस्पिटलात लागल्या, लहान मुलांच्या कॅन्सर विभागात. मुलांवर उपचार चालू असताना घरची माणसं बाजूने आणखी काय काय देतात ते त्यांच्याकडून जाणून घ्यायचं, आणि त्यातलं काय चालेल, काय चालणार नाही ते समजावून सांगायचं, हे त्यांचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण लेकराला रक्ताचा कॅन्सर झालाय म्हटल्यावर माणूस कुठेकुठे धावतो ते मला अक्कांकडूनच कळलं. पपईच्या पानांचा रस, कोरफडीचा गर, गोमूत्राचा अर्क, दर्ग्यातलं पाणी, देवीचा अंगारा, भाच्याने परदेशातून पाठवलेला शक्तीच्या पावडरचा डबा. आणि देणारा प्रत्येकजण मायेनेच देत असतो, ही त्यातली खरी अडचण. किमोने लेकराच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार खाली गेलेल्या असतात, तेव्हा कच्च्या रसातून साधा जंतू गेला तरी जिवावर बेततं. भस्मात शिसं किंवा पारा निघाला तर यकृताचं वाटोळं होतं. काही काढे असे असतात की त्यांच्यामुळे किमोच नीट लागू पडत नाही. हे डॉक्टरही सांगतातच. पण डॉक्टरांसमोर कुणी पिशवी उघडत नाही.

अक्कांसमोर उघडत. वॉर्डाबाहेर पाण्याच्या टाकीशेजारी त्यांचं एक टेबल होतं आणि समोर दोन स्टुलं. कुणी आलं की त्या म्हणायच्या, "दाखवा बरं, काय देताय?" बाटली हातात घ्यायच्या, वास घ्यायच्या, पण कपाळाला आठी पडू द्यायच्या नाहीत. त्यांचा एक नियम होता आणि तो त्या मराठी, तेलुगू आणि उर्दू अशा तिन्ही भाषांत ऐकवायच्या. अंगाबाहेर राहतं ते तुमचं, पोटात जातं ते मला विचारून. ताईत चालेल, पण दोरा स्वच्छ हवा आणि सलाईनच्या नळीपासून लांब. तळपायाला तेल चालेल, पण हात हलका. दर्ग्यातलं पाणी चालेल, पण उकळून. पोटात जाणाऱ्या सगळ्या वस्तू बंद करताना एखादी निरुपद्रवी सापडली, तर ती त्या मुद्दाम राहू द्यायच्या. मी एकदा विचारलं, हे लाड कशासाठी? तर म्हणाल्या, "राणी, बंद करा म्हटलं की लोक देणं बंद करत नाहीत, सांगणं बंद करतात."

हे वाक्य त्यांचं फार लाडकं होतं. नव्याने लागलेल्या मुलींना शिकवताना त्या ते म्हणून दाखवायच्या आणि जरा थांबायच्या, समोरच्याला लिहून घेता यावं म्हणून. त्यांना आपल्या हातोटीचा गर्व होता हे बाकी कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. विभागाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना ही पद्धत पटत नव्हती. त्या तेलुगू, फटकळ, माझ्याच वळणाच्या. "तुमचं चालेल फार स्वस्त झालंय, त्रिवेणी," असं त्या एकदा सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या. अक्कांनी घरी येऊन मला ते हसत हसत सांगितलं. मीही हसले.

मुकुंदराव माझ्या माहेरचे, आईचे चुलतभाऊ, म्हणजे माझे मामा. मूळ भालकीकडचं शेतकरी घर, पण मामा तरुणपणीच हैदराबादेत नोकरीला आले. वजनमापं तपासायच्या खात्यात होते. बेगम बाजारात दुकानोदुकानी हिंडून काटे आणि वजनं बघायची, खरी निघाली की शिक्का मारायचा, खोटी निघाली की उचलून न्यायची. जन्मभर हेच केलं आणि चोख केलं, लाचेचा चहासुद्धा घेतला नाही. निवृत्त झाल्यावरही त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू उरल्या होत्या, शिक्क्याच्या आणि बिनशिक्क्याच्या. दिलसुखनगरात त्यांचं घर. मुलगा विकास एका कोचिंग सेंटरमध्ये गणित शिकवतो. सून रसिका, आणि नात भाग्यलक्ष्मी. नात आठ वर्षांची, तिला सगळे भाग्या म्हणत.

भाग्याला ताप येऊ लागला, कुठे पडली नसताना मांड्यांवर निळे डाग उठले, आणि तपासणीत रक्ताचा कॅन्सर निघाला. मामांनी मला फोन केला आणि मी त्यांना अक्कांच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं की हा प्रकार मुलांमध्ये बरा होतो. दहातली सात-आठ मुलं बरी होऊन शाळेत जातात. पण उपचार अडीच वर्षांचा आहे आणि तो पुरा करायचा. मध्ये सोडला तर आजार परत येतो, आणि परत आलेला आजार हटवणं फार कठीण. रसिका रडत होती, विकास फोनमध्ये काहीतरी टिपून घेत होता, आणि मामा हाताची घडी घालून एकेक शब्द ऐकत होते. दहातली सात-आठ. मला वाटलं, सुटलो.

पहिली किमो लागली त्याच आठवड्यात मामा बीदरकडच्या कुणा महाराजांकडे जाऊन आले. येताना साळीच्या लाह्या आणि राखाडी भस्माच्या पुड्या घेऊन आले. मीच त्यांना म्हटलं, "मामा, आधी अक्कांना दाखवा." आम्ही दोघं टेबलापाशी जाऊन बसलो.

"महाराजांनी मंतरून दिलंय," मामा म्हणाले. "लाह्या उकळायच्या, गाळायच्या, ते पाणी लेकराला पाजायचं. वरून ही पुडी. बगा बाई, चालतंय का."

अक्कांनी पुडी उघडून पाहिली, मग शांतपणे बांधली. "ही मी देऊ देणार नाही. यात काय आहे ते तुम्हालाही माहीत नाही, मलाही नाही. हिचं यकृत आधीच औषधांनी दमलंय." मग त्यांनी लाह्या हातात घेऊन पाहिल्या. तुम्हाआम्हाला आजारपणात आई द्यायची त्याच लाह्या. "हे पाणी चालेल. चांगलं खळखळ उकळा, ताजं द्या. उलट्या होतात तेव्हा पोटाला बरं असतं."

"म्हणजे पास?" मामांनी विचारलं.

अक्का हसल्या. "पास."

मामांनी भस्माच्या सगळ्या पुड्या मुकाट्याने टेबलावर काढून ठेवल्या. माणसाच्या हातून विष काढून घ्यायचं आणि त्याला राग येऊ द्यायचा नाही, हे मी तिथे बसून पाहिलं. खरं सांगते, त्या दिवशी मला माझ्या जावेचा हेवा वाटला.

पुढचा महिना भाग्याने काढला तो कसा काढला ते तिचं तिला ठाऊक. केस उशीला चिकटून येत. तोंड आतून सोलवटलं होतं, थुंकी गिळतानाही ती रडायची. पाठीच्या कण्यात सुई घालायची वेळ झाली की तिला धरायला दोन नर्स लागत, आणि ती मोठ्याने ओरडून सांगायची की मी शहाण्यासारखी वागेन, मला सोडा. त्या सगळ्या दिवसांत तिच्या पोटात टिकलं ते तेवढं लाह्यांचं पाणी. रसिका चमच्याने पाजायची आणि मामा बाजूला बसून बघायचे. महिन्याच्या शेवटी हाडातला मगज तपासला, रिपोर्ट स्वच्छ आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधाने पहिला घाव बरोबर घातला. मामांना दिसलं ते वेगळंच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली.

अक्कांनी त्यांना बसवून समजावलं होतं, हेही मला सांगायला हवं. आजार दिसत नाही म्हणजे गेला नाही, तो दडून बसलाय, म्हणून पुढची दोन वर्षं औषध. घरातले ढेकूण दिसेनासे झाले म्हणून कुणी फवारणी थांबवतं का, असं त्या म्हणाल्या. मामांनी मान डोलावली. मान डोलावणाऱ्या माणसावर अक्कांचा फार विश्वास.

पुढच्या किमोच्या तारखेला भाग्या आली नाही. त्यापुढच्याही नाही. हॉस्पिटलातून फोन गेले, ते कुणी उचलले नाहीत. शेवटी रसिकाने बाथरूममधून मला फोन केला. नळ सोडून बोलत होती. "राणीताई, पपा म्हणतात आता बस झालं. ह्यांना बोलायला सांगितलं तर हे म्हणतात पपांचं मन कसं मोडू. मला काही समजंना झालंय."

मी आणि अक्का रविवारी दिलसुखनगरला गेलो. भाग्यानेच दार उघडलं. डोक्यावर मऊ केस उगवले होते, गाल भरले होते, आणि ती सोफ्यावरून उड्या मारून दाखवत होती. त्या घरात आजारी कोण आहे असं कुणाला विचारलं असतं तर त्याने आम्हा दोघींकडे बोट दाखवलं असतं. मामांनी आम्हाला चिवडा दिला, चहा दिला, अक्कांना आग्रहाने खुर्चीवर बसवलं.

"बाई, मी तुम्हाला मानतो," ते म्हणाले. "तुमच्यासारखं समजून घेणारं तिथं दुसरं कोण नाही. आता बगा, तुमच्या दवाखान्यात ह्या लेकरासाठी दोन दवा पास झाल्या. एक तुमची, एक महाराजांची. पुडी तुम्ही नापास केलात, मी काढून दिली. हाव का नाही? एका दवेनं हिचं तोंड सोललं, केस गेले, नुसतं किंचाळायचं लेकरू. दुसरीनं पोटाला थंड. रिपोर्ट साफ. मग ज्याची तकलीफ नाही ते धरलं, तर माझं चुकलं कुठं?"

अक्कांनी कप खाली ठेवला. "मामा, लाह्या हे औषध नाही. त्याने नुकसान नाही, एवढंच मी म्हटलं."

"ते तुम्ही त्या दिवशी नाही म्हणलात. चालेल म्हणलात. मी पास का विचारलो तर पास म्हणलात. ही राणी होती की तिथं. काय गं?"

"मामा, पास म्हणाल्या, पण—"

"झालं की मग."

मग माझा तोल गेला. मी म्हटलं, पी हळद हो गोरी असं कधी झालंय का, तुम्ही हिला मारून टाकाल. मामांचा चेहरा दगडासारखा झाला. "शुभ बोल जरा," ते म्हणाले, "लेकरू ऐकायलंय." विकास मिठाची गुळणी धरून बसला होता. शेकडो पोरांना गणित शिकवणारा माणूस, दहातली सात-आठ म्हणजे काय हे त्याला कळत नव्हतं असं मी मरेपर्यंत मानणार नाही. त्याला कळत होतं. बापापुढे बोलायची छाती नव्हती.

अक्का खुर्चीवरून उठल्या आणि मामांसमोर खाली जमिनीवर बसल्या. मी त्यांना असं कुणापुढे बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. हात जोडून म्हणाल्या, "माझं चुकलं. मी तो शब्द मागे घेते. सोमवारी हिला घेऊन या. मी दिवसभर तिच्याजवळ बसते."

मामा गडबडले. त्यांनी अक्कांना उठवलं, पाण्याचा पेला दिला, आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "चालेल की, बाई. येऊ. कामून नाही येणार? नवरात्र झालं की येऊ."

आम्ही रिक्षाने परत निघालो. मूसारामबागेच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या तिथे अक्का एकदम म्हणाल्या, "ते येणार नाहीत, राणी. मला माहीत आहे. समोरच्याला दुखवायचं नसलं की मी असंच बोलते."

नवरात्र झालं, दिवाळी झाली. हॉस्पिटलातून माणूस घरी पाठवला, त्यालाही चहा मिळाला आणि तारीख मिळाली. मधल्या काळात महाराजांची कीर्ती वाढली. मोठ्या दवाखान्यातल्या बाईंनी पास केलेल्या लाह्या म्हणून त्या कुठून कुठून मागवल्या जाऊ लागल्या. वॉर्डातली माणसं अक्कांच्या टेबलावर लाह्यांच्या पिशव्या ठेवून विचारू लागली, या त्याच ना? डॉक्टरीणबाई भडकल्या, आणि त्यांचं बरोबर होतं. अक्कांनी मग सगळ्यालाच नाही म्हणायला सुरुवात केली. ताईत नाही, तेल नाही, पाणी नाही. थोड्याच दिवसांत टेबलासमोरची स्टुलं रिकामी राहू लागली. माणसं पिशव्या छातीशी धरून त्यांच्यासमोरून मान खाली घालून वॉर्डात जायची. आत काय जातंय ते कुणालाच कळेनासं झालं.

संक्रांतीच्या सुमारास भाग्याचे पाय दुखायला लागले. आधी सगळ्यांनी उड्या मारून दुखत असतील म्हणून तेल चोळलं. मग डोकं दुखू लागलं, उलट्या सुरू झाल्या, एक डोळा तिरळा दिसू लागला. तेव्हा आणली. आजार परत आला होता, आणि या वेळी मेंदूभोवतीच्या पाण्यातही शिरला होता.

मी गेले तेव्हा मामा डॉक्टरीणबाईंच्या खोलीबाहेर उभे होते. मला वाटलं ते मोडून पडले असतील. ते मला म्हणाले, "नवरात्रात ह्या बाईनं लाह्यांत खंड पाडला. उपवासाच्या गडबडीत लेकराला पाणीच दिलं नाही. दवेत खंड पडल्यावर दुसरं काय होणार?" रसिका शेजारीच उभी होती. तिने मान वर केली नाही. माझा हात त्या वेळी मी कसा आवरला ते देव जाणे. वडीलधारा माणूस, माझा मामा, आणि मला त्याच्या थोबाडीत मारायची होती. अजूनही आहे.

दुसऱ्यांदा दिलेली औषधं पहिल्यापेक्षा जड होती. आता मामा एकही तारीख चुकू देत नव्हते, पहाटे उठून पहिला नंबर लावायचे. त्या लाल रंगाच्या किमोने भाग्या पुन्हा टकली झाली, वाळली, पण आजार हटला नाही. ती बडबडी पोर वॉर्डात राहून राहून तिथलं जुनं माणूस झाली. कुठल्या खाटेवर कुणाला काय बंद आहे ते तिला तोंडपाठ. बाहेरचं बंद, कच्चं बंद, दही बंद, द्राक्षं बंद. नव्या पोरांना तीच बजावायची, वॉर्डातल्या बोलीत, "नक्को रे, पेशी कमी है ना तेरे."

उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या आधी डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. अक्काही होत्या. बाई म्हणाल्या, आता आजार बरा करणारं औषध आमच्याकडे उरलेलं नाही. यापुढे तिला दुखू नये एवढं बघू. घरी न्यायचं असेल तर घरी न्या, इथे ठेवायचं असेल तर ठेवा.  मग मामांनी विचारलं ते डॉक्टरीणबाईंना नाही, अक्कांना. "मग आता तिला काय काय चालेल, बाई?"

"आता काहीही चालेल," अक्का म्हणाल्या. "तिला जे हवं ते द्या."

मामांना ते कळलं. ते भिंतीला हात लावून खाली बसले. त्यांच्याबद्दल मला त्या क्षणीसुद्धा दया आली नाही, आणि आली नाही याची लाज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी मला फोन करून सांगितलं की भाग्याला गपचुप आवडतात, येताना घेऊन ये. पाणीपुरीला आमच्याकडे गपचुपच म्हणतात. मी कोपऱ्यावरच्या बंडीवरून, म्हणजे हातगाडीवरून, पुऱ्या घेतल्या, पाणी वेगळं बांधून घेतलं, आणि वॉर्डात जाऊन स्टीलच्या ताटलीत नीट मांडल्या. खाटेपाशी रसिका होती, अक्का होत्या. मामा दारातच थांबले होते. भाग्याचा चेहरा आता एवढासा झाला होता, डोळे तेवढे मोठे. तिने ताटलीकडे पाहिलं. नाकपुड्या फुलल्या. तिला ते हवं होतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

मग तिने हात पांघरुणाखाली घेतले. "नक्को."

"का गं?" अक्कांनी विचारलं. "तुला आवडतात ना?"

"मला बंद है ना."

"आता बंद नाही, बाळा. आता चालतं. मी सांगते ना."

भाग्या अक्कांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दीक्षाला पण तुम्ही चालतं म्हणलात. सगळं चालतं म्हणलात. तिच्या पपानं आइस्क्रीम आणलं, केक आणलं. मग तिची खाट खाली झाली."

दीक्षा शेजारच्या खाटेवरची, महिन्याभरापूर्वी गेलेली. तिला दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं असं पोरांना सांगितलं होतं.

 रसिकाने तोंडात पदराचा बोळा कोंबला. भाग्याने पांघरुणातून एक हात काढला आणि अक्कांची ओढणी धरली. "अक्का, मला चालत नाही म्हणा ना. मला अजून बंद है म्हणा."

 अक्का उभ्या राहिल्या आणि माझ्यावर ओरडल्या, लग्नापासून पहिल्यांदा, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं. "राणी, कुणी आणलं हे? उचल आधी! हिला नाही चालणार. पेशी किती कमी आहेत हिच्या, कळत नाही तुला?"

मी ताटली उचलली. भाग्याचं अंग सैल पडलं, ती उशीला टेकली. तिला इतकं निवांत झालेलं मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. "पेशी वाढल्यावर?" तिने विचारलं.

"वाढल्यावर देऊ. नक्की देऊ."

"मग दवा का देत नाहीत? कालपासून लाल दवा नाही दिली, सुई पण नाही दिली. दवा द्या ना मला."

तेवढ्यात नर्स दुखणं कमी करायचं औषध घेऊन आली. कडूजहर असतं ते. एरवी ते पाजताना भाग्याशी झटापट व्हायची. त्या दिवशी तिने आपणहून तोंड उघडलं, गिळलं, चेहरा वाकडा केला, आणि जीभ बाहेर काढून सगळं संपल्याचं अक्कांना दाखवलं.

"लई कडू है," ती म्हणाली. "लई कडू म्हणजे चांगली दवा ना, अक्का?"

"हो," अक्का म्हणाल्या.

"मग अजून द्या," भाग्या म्हणाली, आणि तोंड उघडून वाट बघत राहिली.